पानामागची सावली: चार पाय, दोन मिशा आणि एक माशी

आधी फोटोत काय होतं ते सांगतो. एक रुंद पातळ पान, कॅमेरा पानाच्या खालच्या बाजूला, ऊन वरून, त्यामुळे अख्खं पान आतून दिवा लावल्यासारखं हिरवं उजळलेलं आणि त्याच्या मधोमध एका किड्याची काळी सावली. किडा स्वतः पानाच्या वरच्या अंगाला बसलेला, म्हणजे मला तो दिसलाच नाही, दिसली ती पानातून झिरपलेली त्याची आकृती. लांबट सडपातळ अंग, छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर, काटकुळे लांब पाय, आणि डोक्याच्या पुढे दोन लांब मिशा, त्या पण सारख्या हलणाऱ्या. एकूण सात फोटो काढले, सातवा दाबेपर्यंत पान रिकामं. घरी येऊन सगळ्यात झकास फ्रेम निवडली, फाइलला 'गांधीलमाशी १' असं नाव दिलं आणि विषय संपला.

म्हणजे मला वाटलं संपला.

किडे बघणाऱ्या एका मित्राला फोटो पाठवला, कौतुकाच्या अपेक्षेने अर्थातच, तर त्याचा उलटा मेसेज, "मस्त आहे, पण पाय किती आहेत रे?" आता हा काय प्रश्न झाला. किड्याला पाय सहा असतात हे शाळेतल्या पोराला पण माहिती आहे. तरी मोजले. डावीकडे दोन, उजवीकडे दोन. परत मोजले, झूम करून मोजले. चारच. आणि पुढे त्या दोन मिशा. चार अधिक दोन, सहा.

इथे माझं डोकं चालायला लागलं. गांधीलमाशीला सहा पाय आणि दोन मिशा, म्हणजे सावलीत आठ काड्या दिसायला हव्यात. मला दिसतायत सहा. म्हणजे एकतर दोन पाय कुठेतरी गायब आहेत, नाहीतर ज्यांना मी मिशा म्हणतोय ते पाय आहेत आणि खऱ्या मिशा इतक्या आखूड आहेत की सावलीत उमटल्याच नाहीत. आखूड मिशा म्हटलं की पहिली आठवते ती माशी. घरमाशीच्या घराण्यातल्या माश्यांच्या मिशा म्हणजे तोंडापुढे चिकटलेले दोन बुटके गाठोळे आणि त्यावर एकेक केस, बाजूने अगदी क्लोजअप काढला तरच दिसतात. मी लगेच त्याला लिहिलं, "माशी आहे!" त्यावर तो म्हणे, "घाई करू नको, दोन पाय पोटाच्या सावलीखाली दडले असतील, किंवा तुटले असतील, किड्यांचे पाय तुटतात रे." बरोबर होतं त्याचं. आधी प्रश्न टाकायचा, मी उत्तर दिलं की त्याच उत्तराला भोक पाडायचं, ही त्याची पद्धतच आहे, राग येतो पण उपयोग होतो.

तर मग सावली म्हणजे नेमकं काय छापतं आणि काय छापत नाही, इथपासून सुरुवात करावी लागली.

पानातून दिसणारी सावली ही पडद्यावरची सावली असते, पडदा म्हणजे पान. पानाची जाडी साधारण एक-दोन दशांश मिलीमीटर धरा, आणि त्या जाडीतून येताना प्रकाश आजूबाजूला विखुरतो, त्यामुळे त्याहून बारीक जे काही असेल ते पुसलं जातं. अंगावरचे राठ केस गेले, मिशीवरचा केस गेला, पायावरचे काटे गेले. रंग तर गेलेच, पाय काळा असो, पिवळा असो की टोकाला पांढरा असो, सावलीत सगळं एकच. म्हणजे किडे ओळखायच्या पुस्तकांमध्ये ज्या खुणा दिलेल्या असतात त्यातल्या निम्म्याहून जास्त इथे बाद. उरतं काय, तर बाहेरची रेघ, काड्यांची संख्या, सांधे कुठे वाकतात ते, आणि कुठली गोष्ट पानाला टेकलीय आणि कुठली अधांतरी आहे ते. हे शेवटचं मला आधी अजिबात सुचलं नव्हतं आणि प्रकरण फिरलं ते त्याच्यावरच.

पंख मोजून सुटेल असं वाटलं होतं, कारण माश्यांच्या गणाची व्याख्याच ती आहे, उडायचे पंख दोन आणि मागच्या जोडीच्या जागी हाल्टर म्हणजे तोल सांभाळणारे गुंडीसारखे दोन देठ. गांधीलमाशीला पंख चार. पण बसलेल्या किड्याच्या सावलीत पंख मोजता येत नाहीत हो. पोटावर एकावर एक घडी केलेले असले की दोन काय नि चार काय, एकच राखाडी जीभ दिसते. आणि उघडे असले तरी फसगत आहेच, कारण गांधीलमाशीचा पुढचा आणि मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकवलेला असतो, त्यामुळे एका बाजूचे दोन पंख मिळून एकच पंख वाटतो. हाल्टर दिसले तर प्रश्नच मिटतो, क्रेन फ्लायसारख्या लांबटांग्या माशीत ते लांबून पण दिसतात, इथे मात्र छातीच्या काळ्या डागात काहीही बुडालेलं असू शकत होतं.

तरी पंखांनी एक गोष्ट दिली. मी जी झकास फ्रेम म्हणत होतो ती झकास दिसावी म्हणून कॉन्ट्रास्ट चढवला होता, काळं अजून काळं केलं होतं. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने जसाच्या तसा साठवलेला कच्चा फोटो, उघडून उलटं केलं, काळ्याला वर उचललं. १४ बिट रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये २५६, हा फरक एरवी फोरमवर भांडायच्या कामाचा वाटतो पण इथे खरंच कामाला आला. जे काळं ठोकळ पोट वाटत होतं त्याच्या टोकाला अजून एक फिकट राखाडी पट्टी निघाली, पोटाच्या पुढे जराशी गेलेली. तो पंख. म्हणजे मी ज्याला लांब पोट समजत होतो त्यात थोडा भाग पंखाचा होता, एडिटिंगमध्ये मीच दोन्ही एक करून टाकले होते. आणि त्या पंखाच्या पुढच्या कडेला कुठेही गडद ठिपका नव्हता. इकन्यूमन कुळातल्या गांधीलमाश्यांच्या पुढच्या पंखाच्या कडेवर एक जाड गडद ठिपका असतो, उन्हाविरुद्ध तो चांगला उठून दिसतो. ठिपका नाही म्हणून गांधीलमाशी नाही असं म्हणता येत नाही, पंखावर पंख आणि त्याखाली पोट असताना तो लपू शकतो, पण तराजू थोडा कलला.

जाता जाता, माश्यांच्या पारदर्शक पंखांवर साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसतात, पातळ पापुद्र्यामुळे येतात ते, आणि ते जातीजातीप्रमाणे ठरलेले असतात असं दाखवणारा अभ्यास २०११ मध्ये आला होता. पण ते रंग दिसायला पंखामागे अंधार हवा. उजळ पानावर, उन्हाविरुद्ध, काही नाही. सिल्हूटवाल्यांच्या, म्हणजे नुसती काळी आकृती टिपणाऱ्यांच्या, नशिबात ते नाहीच.

बरं. आता मुख्य भांडण, चार पाय की सहा.

फ्रेम ४ मी आधी बाजूला टाकली होती कारण ती काढताना उन्हापुढे ढग आला आणि सावली पार विरघळली. नुसता राखाडी धूर. मित्राने विचारलं, "सगळ्या फ्रेम पाठव, वाईट पण पाठव," म्हणून पाठवल्या आणि त्यानेच सांगितलं की ढगाळ फ्रेम नीट बघ. कडक ऊन असतं तेव्हा उजेड एका छोट्या बिंबातून येतो, सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे वस्तू पानापासून वर असली तरी सावलीची कड बऱ्यापैकी धारदार राहते. हिशोब सोपा आहे, ऊन पानावर सरळ पडत असेल तर वस्तू जितकी वर, त्याच्या साधारण १०८ व्या भागाइतकी कड पुसट होते. ५ मिलीमीटर वर असलेल्या पायाची कड ०.०५ मिलीमीटरपेक्षा कमी पुसट होणार, तिरक्या उन्हात जरा जास्त, पण तरी फारसं काही नाही. म्हणून उन्हात टेकलेलं आणि अधांतरी असलेलं दोन्ही सारखंच काळं दिसतं. ढग आला की उजेड अख्ख्या आकाशातून येतो, बाजूबाजूने आत शिरतो, आणि अधांतरी काड्या गायब होतात. राहतं फक्त ते जे पानाला चिकटलंय.

म्हणजे ज्या फ्रेमला मी फेल गेलेली समजत होतो ती खरं तर पायांच्या ठशांची यादी होती. मी उड्या मारतच ती मोठी करून बघितली, धुरकट डाग आणि त्याच्या भोवती गडद छोट्या रेघा, पायाची बोटं जिथे पानावर आडवी टेकतात तिथे. एक, दोन, तीन, चार.

पाच.

पाचवी खूण डोक्याच्या थोडी पुढे, मधल्या रेषेच्या किंचित डावीकडे. आता घ्या. चार असत्या तर मी जिंकलो, सहा असत्या तर गांधीलमाशी, पाच म्हणजे काय? मी म्हटलं पुढच्या पायांपैकी एक टेकवला असेल आणि एक वर असेल. मित्र म्हणाला तोंड असेल, माश्या पानावर काहीतरी चाटत बसतात, सोंड खाली टेकली तर तशी खूण पडेल. दोन दिवस आमचं यावर चाललं होतं, कामधंदे सोडून.

मग फ्रेम ५. ही पण मी नापास केली होती, का, तर 'मिशा नीट आल्या नाहीत' म्हणून, माझ्याच टिपेत तसं लिहिलेलं आहे, आता वाचून लाज वाटते. ढग गेलेला, ऊन परत कडक, सावली धारदार, पण डोक्यापुढच्या त्या दोन लांब मिशा नाहीतच. त्यांच्या जागी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, दोन आखूड काड्या पानावर टेकलेल्या. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. मिशा म्हणजे काय, त्या असतात तर असतात, मागे वळवता येतात, खाली दाबता येतात, पण मिशा नाहीशा होऊन त्याच क्षणी दोन जादाचे पाय उगवत नाहीत. मिशा नव्हत्याच त्या. किडा पुढचे दोन पाय हवेत धरून मिशांसारखे हलवत होता आणि मी त्याच्या नाटकाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या देत होतो.

पण मग ती पाचवी खूण? फ्रेम ५ मध्ये ती पण आहे, त्याच जागी. सहा पाय अधिक एक, सात. सात ठिकाणी पानाला टेकलेला किडा नसतो. सोंड म्हणावी तर किडा तोवर चार-पाच मिलीमीटर मागे सरकला होता आणि खूण मात्र जागची हललेली नव्हती, पानाच्या शिरेपासून मोजलं तर अंतर तेवढंच. आणि मग सुचलं की सातवी फ्रेम आहे ना, रिकाम्या पानाची, किडा उडून गेल्यावर चुकून दाबलेली. उघडली. खूण तिथेच. पानावरचा डाग होता तो, किड्याचा त्याच्याशी संबंध एवढाच की बहुतेक त्याच्यासाठीच तो तिथे आला होता, कारण वरून बघितल्यावर ती पाखराची शीट निघाली, ते पुढे येईलच. तेव्हापासून सावलीचा फोटो काढला की किडा गेल्यावर रिकाम्या पानाची एक फ्रेम मी मुद्दाम काढतो. पानाच्या शिरा, भोकं, डाग, चिकटलेला कचरा, हे सगळं सावलीत पाय आणि मिशा बनून बसतं.

तर माशी, हे ठरलं. पण थांबा, पुढचे पाय उचलून मिशा असल्याचं सोंग करणारे अजून आहेत आणि ते तपासल्याशिवाय मित्र ऐकणार नव्हता. मुंगीसारखे दिसणारे कोळी हेच करतात, पुढचे दोन पाय वर धरून मुंगीच्या मिशांसारखे फिरवतात. पण कोळ्याचे पाय आठ, दोन उचलले तरी सहा खाली राहतात, म्हणजे बेरीज आठच. खऱ्या मुंगीची पण बेरीज आठ, सहा पाय आणि कोपरात वाकलेल्या दोन मिशा. बघा गंमत, मुंगी आणि मुंगीचं सोंग घेणारा कोळी बेरजेने वेगळे करता येत नाहीत, दोघांचा हिशोब बरोबर जुळतो. माशीचा मात्र जुळत नाही, ती सहातच सगळं भागवते, दोन मिशा दाखवायच्या तर दोन पाय खर्च होतात. शिकारी ढेकूण, पुढचे पाय उचलणारे, त्यांना खऱ्या लांब मिशा पण असतात, परत आठ. म्हणून सहाची बेरीज निघाली आणि दोन पाय तुटलेले नाहीत हे फ्रेम ५ ने सिद्ध केलं की यादीतून बाकी सगळे गेले.

राहिल्या माश्या. त्यात पण पाय उचलणारे आहेत. डास बसला की मागचे दोन पाय वर धरतो, आणि डासासारखे दिसणारे न चावणारे मिज, कायरोनॉमिडी कुळातले, पुढचे दोन धरतात, हा फरक नुसत्या सिल्हूटवरून डास आणि मिज वेगळे करायला फार उपयोगी आहे, बाजूने काढलेला उन्हाविरुद्धचा फोटो असेल तर. म्हणजे मिजची बेरीज पण चार अधिक दोन. नर मिजच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार, त्या असत्या तर डोक्याभोवती धूर दिसला असता, पण मादीला तसा झुबका नसतो, मग?

इथे मापं कामाला आली. कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलीमीटर रुंद, फोटो १:२ मॅग्निफिकेशनला, सेन्सरवर वस्तू निम्म्या मापाची उमटते, म्हणजे फ्रेममध्ये मावलेलं पान ४४.६ मिलीमीटर रुंद. फोटो ६,००० पिक्सेलचा, डोक्यापासून पंखाच्या टोकापर्यंत सावली साधारण १,४५० पिक्सेल, म्हणजे १०.८ मिलीमीटर. आता कोणी म्हणेल सावली तिरक्या उन्हात लांबते, मग या मापावर विश्वास कसा? मला पण तेच वाटत होतं. पण जी वस्तू पडद्याला समांतर आहे तिची सावली कितीही तिरक्या उन्हात तेवढीच राहते, फक्त सरकते. अंग पानाला समांतर होतं म्हणून अंगाचं माप खरं. लांबतं ते तेवढंच जे पानापासून वर उठलेलं आहे.

आणि यातच त्या 'लांबलचक मिशां'चं गुपित. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच पानावर मी काडेपेटीतल्या काडीचा १० मिलीमीटरचा तुकडा उभा धरला, सावली पडली १७ मिलीमीटर. म्हणजे ऊन पानाच्या पृष्ठभागाशी साधारण ३० अंशात, आणि उंचीच्या प्रत्येक मिलीमीटरला सावली १.७ मिलीमीटर सरकणार. आता समजा पाय ५ मिलीमीटर लांब आहे आणि त्याचं टोक मुळापासून ३ मिलीमीटर वर उचललंय, तर तो पुढच्या दिशेला ४ मिलीमीटर जातो. ऊन शेपटाच्या बाजूने असेल तर त्यात उंचीमुळे अजून ५ मिलीमीटर जमा. ५ मिलीमीटरच्या पायाची सावली झाली ९ मिलीमीटर! जवळपास दुप्पट. आणि ऊन शेपटाच्या बाजूनेच होतं, हे पण सावलीच सांगते, कारण अंगाचा डाग चारी पायांच्या टेकण्याच्या जागांच्या तुलनेत पुढे सरकलेला आहे, किडा पुढे झुकून पडतोय की काय असं वाटावं इतका. तो सरक पाच मिलीमीटरच्या आसपास, १.७ ने भागलं की अंग पानापासून तीन मिलीमीटर वर. म्हणजे उंच टांगांवर उभी असलेली माशी. त्या सावलीतून पायांची उंची निघाली तेव्हा मला जो आनंद झाला तो फोटो काढताना पण झाला नव्हता.

फ्रेम ५ मध्ये पुढचे पाय पानावर टेकलेले, त्यामुळे लांबायला जागा कमी. तिथे ते मागच्या पायांच्या निम्म्याहून जरा जास्त भरतात, बस. पुढचे पाय बाकीच्या चार पायांपेक्षा ठळक आखूड. मिजमध्ये साधारण उलटं असतं, पुढचेच पाय लांब. मिजची छाती पण कुबडासारखी फुगलेली आणि डोकं तिच्याखाली दडलेलं असतं, इथे डोकं गोल, सुटं, पुढे आलेलं. मिज गेला.

उंच टांगा, सडपातळ अंग, आखूड पुढचे पाय, ते मिशांसारखे हलवायचे, गांधीलमाशी किंवा मुंगीचं सोंग. हे सगळं एकत्र येतं मायक्रोपेझिडी कुळात, इंग्रजीत ज्यांना स्टिल्ट-लेग्ड फ्लाय म्हणतात. पाचशेच्या वर जाती आहेत यांच्या, उष्ण भागात जास्त. पुष्कळ जातींमध्ये पुढच्या पायांची टोकं पांढरी असतात, त्यामुळे ते हलवले की डोळ्यात भरतात, आणि प्रत्यक्ष बघताना ओळखायची तीच सोपी खूण, जी सावलीत शून्य उपयोगाची. यांचा एक जवळचा नातलग आहे, निरिडी कूळ, तसंच लांबटांगी. तो मी नाकारला दोन गोष्टींवरून, एक म्हणजे त्यांचे पुढचे पाय इतके आखूड नसतात आणि दुसरं म्हणजे त्यांच्या मिशा माशीच्या मानाने बऱ्याच लांब, सरळ पुढे आलेल्या असतात, फ्रेम ५ मध्ये डोक्याची पुढची कड कोरी आहे. डागाची खूण आहे, पण ती डोक्यापासून सुटी आहे आणि ती कुणाची ते आपल्याला आता माहिती आहे. दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा कच्चा आहे हे मान्य, बारीक मिशी पानात पुसली जाऊ शकते.

पोटाचं टोक निमुळतं होत शेवटी टोकदार झालंय, त्यावरून मादी म्हणावंसं वाटतं, या कुळात मादीच्या पोटाचा शेवटचा भाग अंडी घालायला नळीसारखा ओढलेला असतो. पण पंखाची राखाडी जीभ त्यावरूनच जाते. प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं.

आणि एवढ्यावर मी थांबलो. मित्र म्हणत होता वंशापर्यंत, म्हणजे कुळाच्या आतल्या छोट्या गटापर्यंत जाऊ, त्याला चेव चढलेला. पण त्यासाठी पंखावरचे पट्टे, शिरांची मांडणी, छातीवरचे केस, पायाचे रंग लागतात, आणि यातलं एकही पानातून आलेलं नाही. जे छापलंच गेलं नाही ते झूम करून सापडत नाही. खरं सांगायचं तर सावलीवरून कुळापर्यंत पोचणं हीच चैन आहे, बहुतेक सावल्या 'माशी, बहुतेक' याच्या पुढे जात नाहीत. काही भाग्यवान कुळं आहेत ज्यांची रेघच बोलते. डोळे दोन काड्यांच्या टोकांवर असलेल्या डायोप्सिडी, त्यांना सिल्हूटमध्ये चुकवायचं म्हटलं तरी चुकवता येत नाही. रॉबर फ्लायचं डोकं समोरून बघितलं तर दोन डोळ्यांच्या मध्ये वर खळगा आणि खाली दाढी. केसाळ गोळा आणि पुढे सुईसारखी सोंड असेल तर बी फ्लाय. घरमाशी, मांसमाशी, निळी माशी मात्र सावलीत सगळ्या एकच, तिथे छातीवरचे पट्टे हवेत, घरमाशीला चार आणि मांसमाशीला तीन, आणि सावलीला पट्टे नसतात. तिथे कोणी छातीठोकपणे नाव सांगितलं तर मी नुसता हसतो आता.

दुसऱ्या दिवशी काडी घेऊन गेलो होतो तेव्हाची गोष्ट राहिली. त्याच झाडावर, दोन पानं सोडून, एक लांबटांगी माशी बसलेली होती, वरून स्वच्छ दिसणारी, काळी, पुढच्या पायांची टोकं पांढरी, आणि ते पांढरे पाय ती डोक्यापुढे हवेत फिरवत होती, अगदी मिशांसारखे. भरभरून फोटो काढले. डागाचं पान पण वरून बघितलं, ती वाळलेली शीट. या माश्या शीट, शेण, सडकी फळं असल्या गोष्टींवर येतात, म्हणजे जमतंय सगळं.

मित्राला मोठ्या तोऱ्यात दोन्ही फोटो पाठवले, हे घे, पुरावा. त्याचा मेसेज, "ही तीच माशी कशावरून?" तीच नाहीच म्हणता येत, त्याच झाडावर त्याच कुळातली दुसरी जात पण असू शकते. मग नोंद केली ती अशी, सावलीच्या फोटोला 'मायक्रोपेझिडी, सावलीवरून, मादी?' आणि वरून काढलेल्या फोटोला वेगळी नोंद, वेगळी तारीख, दोन्ही एकमेकांना जोडलेल्या नाहीत. सातही फ्रेम ठेवल्यात, ढगाची पण, रिकाम्या पानाची पण. फाइलचं नाव मात्र अजून 'गांधीलमाशी १' हेच आहे, बदलायला जातो आणि राहू दे म्हणतो.